तलाव, नदी आणि दीर्घिका

भंडारा शहराला लागून वाहणाऱ्या वैनगंगेच्या पूर्व काठावर कारधा हे गाव वसले असून, नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथेच नदी ओलांडतो. गावाचे नाव पावसाळ्यात जिल्ह्याबाहेरही ऐकू येते, कारण येथील पुलाजवळ नदीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजली जाते, २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी आहे, आणि मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले की भंडारेकरांचे डोळे या आकड्याकडे लागतात. नदीचा ओढा अर्थातच दक्षिणेकडे, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होण्याकडे आणि शेवटी गोदावरीतून समुद्राकडे आहे. तरीही पुराच्या दिवसांत पुलाच्या खांबामागे पाहिले, तर जलपर्णीचे पुंजके आणि वाहून आलेल्या काटक्या भोवऱ्यात सापडून काही हात उलट्या दिशेने, उगमाकडे, सरकताना दिसतात. उन्हाळ्यात तर खालच्या अंगाला पवनीजवळ बांधलेल्या गोसेखुर्द धरणाचा फुगवटा थेट इथपर्यंत येऊन पाणी जवळजवळ थांबलेले असते. नदी समुद्राकडे वाहते हे विधान या दोन्ही वेळी खरेच असते, पण ते संपूर्ण नदीविषयीचे विधान आहे. खांबामागच्या वीतभर पाण्याचे काय होईल, ते तेवढ्यावरून सांगता येत नाही.

विश्वाच्या प्रसरणाविषयी विसाव्या शतकात जी समज घडत गेली, तिच्या केंद्रस्थानी हाच भेद आहे. दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे, हे शालेय पुस्तकांतून आता सर्वांना ठाऊक झाले आहे. त्याच वेळी दीर्घिकांच्या टकरी होतात, आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका एकमेकींकडे सरकत आहेत, हेही वाचनात येते. सगळेच जर पांगत असेल, तर दोघींची गाठ पडायची कशी, असा प्रश्न विचारी वाचकाला पडावा हे योग्यच आहे. त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांच्या मोजमापांच्या इतिहासात दडलेले असून, त्या इतिहासाचे काही महत्त्वाचे टप्पे मराठी मुलखात घडले आहेत.

उत्तराची एक खूण मराठी भाषेने आधीच जपून ठेवली आहे. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांच्या गुरुत्वाने बांधलेल्या प्रचंड संचाला मराठीत दीर्घिका म्हणतात. हा शब्द मुळात आकाशाचा नाही. अमरकोशात वापी आणि दीर्घिका हे शब्द समानार्थी असून, संस्कृत काव्यांतून उद्यानातल्या लांबट, बांधीव जलाशयाला तो वापरलेला दिसतो. हिंदीने या अर्थासाठी मंदाकिनी हा नदीवाचक शब्द पुढे आणला, तर मराठी विज्ञानलेखनाने तलाववाचक शब्द रूढ केला. विश्वाच्या प्रवाहात दीर्घिका ही वाहणारी नव्हे, तर साठून राहिलेली गोष्ट आहे, एवढा अर्थ या निवडीत सहज सामावला गेला. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि त्या तलावांच्या काठावरून हा विषय पाहताना हा शब्द विशेष बोलका वाटतो.

मराठी मुलखातल्या आधुनिक आकाशाभ्यासाची सुरुवात पुण्यात झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकी शिकवणारे कावसजी दादाभाई नेगमवाला यांना १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. हा पैसा मूळचा वर्णपटांच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळेसाठी होता. प्रकाश लोलकातून नेला म्हणजे तो रंगांच्या पट्ट्यात पसरतो, त्या पट्ट्यात मूलद्रव्यांच्या ओळखीच्या रेषा दिसतात, आणि या रंगपट्ट्याला वर्णपट म्हणतात. इंग्लंडच्या भेटीनंतर योजनेचे रूप पालटले आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली ग्रब यांनी घडवलेली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. नेगमवालांनी तिच्या साहाय्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. त्यातली मुख्य रेषा एका कडेने पसरट असावी, असे नॉर्मन लॉकियर यांच्या गाजलेल्या सिद्धान्तावरून निघत होते. पुण्यातून ती रेषा दोन्ही कडांनी रेखीव दिसली, आणि १८९१ मध्ये नेगमवालांनी तसे स्पष्टपणे प्रसिद्ध केले. लॉकियर हे त्यांचे हितचिंतक आणि त्या क्षेत्रातले अधिकारी पुरुष होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा निबंधाचे मोल कळते. वर्णपटातली एक रेषा कुठे आहे आणि कशी दिसते, एवढ्यावर आकाशाविषयीचा मोठा वाद ठरू शकतो, याची ही पुण्यातली प्रचिती होती.

१९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची सामग्री कोडाईकनालला रवाना झाली. दीर्घिकांच्या गतीचे शास्त्र ज्या वर्षी जन्माला आले, त्याच वर्षी पुण्यातले हे काम थांबले, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे. १९१२ मध्येच हेन्रिएटा लेव्हिट यांनी सेफीड ताऱ्यांचा नियम मांडला. सेफीड म्हणजे ठरावीक कालावधीने तेज कमीजास्त होणारे तारे. त्यांचा कालावधी जितका मोठा, तितके त्यांचे खरे तेज अधिक, असा तो नियम असून त्यामुळे दूरच्या ताऱ्याचे अंतर काढण्याची पट्टी हाती आली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात, फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी तारकासमूहातल्या मोठ्या सर्पिल तेजोमेघाचा वर्णपट छायाचित्रित करण्यास आरंभ केला. हे तेज इतके फिके होते की एकेका काचेवर कित्येक तास, प्रसंगी एकापेक्षा अधिक रात्री, प्रकाश साठवावा लागे.

स्लायफर यांना जे मोजायचे होते, त्याचे तत्त्व सोपे आहे. प्रकाशाचा स्रोत दूर जात असेल, तर त्याच्या लहरी ताणल्या जाऊन वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, आणि स्रोत जवळ येत असेल, तर त्या निळ्या टोकाकडे सरकतात. पहिल्या सरकण्याला ताम्रसृती व दुसऱ्याला नीलसृती म्हणतात. देवयानीच्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या आढळल्या, आणि हिशेब केल्यावर तो तेजोमेघ सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या दिशेने येत असल्याचे निघाले. त्या काळी ज्ञात असलेल्या कोणत्याही ताऱ्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा हा वेग फार मोठा होता. म्हणजे ज्या पहिल्या दीर्घिकेची गती मानवाने मोजली, ती दूर जाणारी नव्हे, तर जवळ येणारी निघाली. प्रसरणाचा शोध लागण्याआधीच त्याचा अपवाद नोंदला गेला होता. पुढच्या पाच वर्षांत स्लायफर यांनी २५ सर्पिल तेजोमेघांचे वेग मोजले, त्यांपैकी २१ दूर जात होते. बहुमत दूर जाणाऱ्यांचे ठरले, पण देवयानीची नोंद कुणी खोडली नाही.

हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतले आहेत की तिच्या बाहेरची स्वतंत्र विश्वे आहेत, याचा निर्णय एडविन हबल यांनी केला. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून १९२३ मध्ये त्यांना देवयानीतच एक सेफीड तारा सापडला आणि लेव्हिट यांच्या नियमाने त्याचे अंतर काढताच तो आकाशगंगेच्या पार पलीकडे असल्याचे उघड झाले. इकडे गणिताच्या बाजूने अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्वाचे चित्र काढले होते. १९२९ मध्ये हबल यांनी अंतरे आणि वेग एकत्र मांडून दाखवले की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने दूर जाते. आजच्या मोजणीप्रमाणे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो तेवढे अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हबल यांच्या त्या यादीतही देवयानीच्या वेगापुढे ऋणचिन्ह आहे. ज्या कागदाने प्रसरण सिद्ध केले, त्याच कागदावर त्याच्याविरुद्ध जाणारी नोंद उभी आहे, आणि ती तेथे असणे हेच या शास्त्राच्या प्रामाणिकपणाचे चिन्ह आहे.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देवयानीचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. तेवढ्या अंतरावर प्रसरणाच्या सरासरी नियमाप्रमाणे ती सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर वेगाने दूर जायला हवी होती. स्लायफर यांनी मोजलेल्या ३०० किलोमीटरपैकी मोठा भाग सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत असल्यामुळे दिसतो. तो वजा केला तरी दोन्ही दीर्घिका एकमेकींकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येत असल्याचे उरते. उलट कन्या राशीतला मोठा दीर्घिकासमूह सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असून, तेथे प्रसरणाचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या पुढे जातो. त्या समूहाची ओढ आपल्यापर्यंत पोहोचते, तिच्यामुळे आपले दूर जाणे काहीसे मंदावले आहे, पण थांबलेले नाही. देवयानी मात्र आकाशगंगेच्या ओढीच्या कक्षेत आहे. जवळच्या अंतरावर प्रसरणाचा हिस्सा लहान पडतो आणि गुरुत्वाची ओढ वरचढ ठरते; अंतर वाढत जाते तसे पारडे फिरते.

यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि बहुतेक सोप्या वर्णनांत तो वगळला जातो. प्रसरण ही वस्तूंना ओढून दूर नेणारी एखादी शक्ती आहे, आणि ती गुरुत्वाशी झोंबी खेळते, अशी कल्पना वाचकाच्या मनात राहते. ती चुकीची आहे. निदान विश्वाच्या पहिल्या काळापुरते पाहिले तर प्रसरण ही एक मिळालेली गती आहे, आणि तेव्हापासून गुरुत्व तिला सतत आवर घालत आले आहे. विश्व प्रारंभी अत्यंत एकसारखे होते, पण पूर्णपणे नव्हे. कुठे द्रव्य सरासरीपेक्षा किंचित दाट, कुठे किंचित विरळ होते. दाट जागी आवर अधिक बसला, म्हणून तिथले प्रसरण इतरांपेक्षा लवकर मंदावले, आजूबाजूचे द्रव्य तिकडे खेचले गेले, दाटपणा आणखी वाढला आणि काही ठिकाणी प्रसरण थांबून उलट आकुंचन सुरू झाले. अशा जागा प्रवाहातून कायमच्या सुटतात. त्यांच्या आत प्रसरणाचा काही अंश उरून दीर्घिकेला हळूहळू ताणत राहतो, असे होत नाही. जे बांधले गेले ते बांधलेलेच राहते. आइन्स्टाइन आणि एर्न्स्ट स्ट्राउस यांनी १९४५ मध्ये गणिताने दाखवले की प्रसरणशील विश्वात एखाद्या ताऱ्याभोवतीचे क्षेत्र स्थिर राहू शकते आणि ग्रहांच्या कक्षांवर प्रसरणाचा परिणाम होत नाही. सूर्यमाला फुगत नाही, भंडारा ते कारधा हे अंतरही फुगत नाही, याचे कारण हेच.

भंडारा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया या जिल्ह्यांतले जुने मालगुजारी तलाव येथे सहज आठवतात. धानाच्या शेतीसाठी हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले; गोंड राजांच्या काळात हा समाज काशीकडून आला, अशी परंपरा सांगितली जाते. तलाव बांधणाऱ्याने नवी दरी खोदली नाही. जमिनीचा उतार नजरेने हेरून, जिथे पाणी आपोआप रेंगाळते तिथे मातीची पाळ घातली. पावसाळ्यात सगळे पाणी वैनगंगेकडे धावत असताना तेवढ्या जागी ते थांबले, वरच्या शेतांतले पाणीही तिकडे वळले, आणि एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावात उतरत गेल्याने तलावांच्या साखळ्या तयार झाल्या. विश्वात पाळ घालणारा कोणी नाही, गुरुत्वाने साठलेले द्रव्य स्वतःच स्वतःची पाळ बनते, एवढा फरक आहे. आणि नदीचे पाणी जमिनीवरून सरकते, तर प्रसरणात दीर्घिकांमधली अंतरेच वाढतात, हा दुसरा. उपमा इथेच थांबवायला हवी. पण किंचित खोलगट जागा आणि धावते पाणी यांतून तळी कशी निर्माण होतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला पसरत्या विश्वात दीर्घिका कशा जमल्या हे परके वाटू नये.

पाळ कशाची आहे, हे शोधण्याचे एक कुशल काम फ्रान्झ कान आणि लोडेवेक वोल्टयेर यांनी १९५९ मध्ये केले. विश्वाच्या प्रारंभी आकाशगंगा आणि देवयानी यांचे द्रव्य जवळजवळ होते आणि इतरांबरोबर तेही पांगू लागले होते, हे त्यांनी गृहीत धरले. आज त्या एकमेकींकडे येत असतील, तर मधल्या काळात त्यांचे दूर जाणे थांबून गती उलटली असली पाहिजे, आणि विश्वाच्या वयाच्या आत हे सगळे घडायचे तर त्यांच्यामधली ओढ किती असायला हवी, याचा हिशेब करता येतो. उत्तर आले ते दिसणाऱ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या कित्येक पट होते. न दिसणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे ज्याला पुढे कृष्णद्रव्य म्हटले जाऊ लागले त्याचा, हा एक आरंभीचा सबळ पुरावा ठरला. देवयानीच्या ज्या नीलसृतीकडे नियमाचा अपवाद म्हणून पाहिले जात होते, तिनेच विश्वातल्या द्रव्याचा सर्वांत मोठा वाटेकरी दाखवून दिला.

विश्वरचनाशास्त्राला मराठी माणसाच्या घरात पोहोचवले ते नारळीकर पितापुत्रांनी. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि भारतात सापेक्षतेच्या अभ्यासाची शाळा त्यांनी तेथे घडवली. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूर, १९ जुलै १९३८, यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह विश्वाला आरंभच नसल्याचे स्थिर अवस्थेचे प्रतिमान हिरिरीने मांडले. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला या कल्पनेशी त्यांचा अखेरपर्यंत मतभेद राहिला, मात्र विश्व प्रसरण पावते हे त्यांच्याही प्रतिमानात गृहीतच होते. वाद होता तो प्रसरण कुठून सुरू झाले याविषयी. १९८८ मध्ये, म्हणजे नेगमवालांच्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली आणि नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘आकाशाशी जडले नाते’ या त्यांच्या ग्रंथाने मराठीत या विषयाची भाषा घडवली, आणि भंडाऱ्यासारख्या गावांतल्या शाळकरी मुलांनाही तो वाचून दीर्घिका हा शब्द आपला वाटला, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

दोन दीर्घिका भेटतात तेव्हा प्रत्यक्षात काय होते, हे समजून घेण्याचा पहिला प्रयोग संगणकाशिवाय झाला. स्वीडनमधील एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये एका टेबलावर प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ असे एकूण ७४ विजेचे दिवे मांडले. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपटीने घटतो आणि गुरुत्वाची ओढही तशीच घटते. म्हणून एखाद्या दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून चारी बाजूंनी येणारा प्रकाश मोजला, की त्या जागी गुरुत्वाची ओढ किती आणि कोणत्या दिशेने असेल ते कळते. त्या मापाप्रमाणे प्रत्येक दिवा थोडा सरकवायचा, पुन्हा सगळी मापे घ्यायची, पुन्हा सरकवायचे. शेकडो मापांच्या या धिम्या कामातून दिसले की एकमेकींजवळून जाताना दीर्घिकांचे आकार ओढले जातात, भरतीसारखे उंचवटे येतात आणि त्यांची गती कमी होऊन त्या एकमेकींत अडकू शकतात. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूम्रे या बंधूंनी संगणकावर हेच गणित करून दाखवले की काही दीर्घिकांना दिसणाऱ्या लांबच लांब शेपट्या टकरीच्या वेळच्या गुरुत्वाने ओढून काढलेल्या ताऱ्यांच्या आहेत. त्यांनी अभ्यासलेल्या जोड्यांपैकी एक, कीटकाच्या दोन मिशांसारखी दिसणारी, हस्त नक्षत्राच्या तारकासमूहात आहे; ज्या हस्ताच्या पावसावर भंडाऱ्याचा शेतकरी धानाच्या लोंब्या भरण्याची वाट पाहतो, त्याच्याच ताऱ्यांच्या दिशेला, कोट्यवधी प्रकाशवर्षे पलीकडे, ही टक्कर चाललेली आहे.

टक्कर हा शब्द येथे फसवा ठरू शकतो. सूर्य जर सहा मिलिमीटर लांबीच्या धानाच्या दाण्याएवढा मानला आणि तो कारध्याच्या पुलावर ठेवला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा दाणा त्याच महामार्गाने पूर्वेला गेल्यावर छत्तीसगडमधल्या दुर्गजवळ ठेवावा लागेल. इतक्या विरळ पेरलेल्या दोन शेतांनी एकमेकांतून जायचे ठरवले, तरी दाण्यावर दाणा आदळण्याचा संभव जवळजवळ नाही, आणि दीर्घिका एकमेकींतून जाताना ताऱ्यांची हीच स्थिती असते. पण खुद्द दीर्घिकांचे प्रमाण अगदी निराळे आहे. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे असून देवयानी तिच्या केवळ २५ पट अंतरावर आहे. कारध्याच्या परिसरात एक किलोमीटर रुंदीचे दोन तलाव २५ किलोमीटरवर असावेत, तेवढेच हे अंतर. तारे एकमेकांवर आदळत नाहीत आणि दीर्घिका मात्र वारंवार भिडतात, याचे कारण या दोन प्रमाणांच्या तफावतीत आहे. दोन्हींमधले वायूचे ढग मात्र खरोखर आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नव्या ताऱ्यांचा भडिमार सुरू होतो; म्हणून टकरीत सापडलेल्या दीर्घिका पुष्कळदा निळ्या, तरुण ताऱ्यांनी उजळलेल्या दिसतात. पूर्वी, विश्व आजच्यापेक्षा दाटीचे असताना, अशा भेटी अधिक होत. आपली आकाशगंगाही त्यांतूनच वाढली आहे: धनू राशीच्या दिशेची एक लहान दीर्घिका ती आजही ओढून गिळत असल्याचे १९९४ मध्ये आढळले, आणि सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या विलीनीकरणाच्या खुणा गाया या युरोपीय उपग्रहाच्या नोंदींतून २०१८ मध्ये ओळखल्या गेल्या.

दीर्घिकांच्या पुढची पायरी म्हणजे शेकडो दीर्घिकांचे समूह, आणि असे समूहच्या समूह एकमेकांवर आदळतात तेव्हा निघणारा उष्ण वायूचा धक्का रेडिओ लहरींतून दिसतो. या कामात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथे उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून, त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने, तर उरलेल्या तीन बाजूंना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. ही दुर्बीण कमी वारंवारतेच्या लहरी टिपते, आणि समूहांच्या टकरीतून उरलेले रेडिओ तेजाचे फिके कंस याच लहरींत उठून दिसतात. आयुकाचे जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या निरीक्षणांतून २०११ मध्ये एका अतिभारी समूहाच्या दोन बाजूंना उमटलेले असे दोन महाकाय कंस उघडकीस आणले. खोडदजवळच्या नारायणगावच्या परिसरातल्या द्राक्षबागांच्या शेजारी उभ्या असलेल्या तबकड्यांनी, माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत प्रचंड टकरींपैकी एकीचे ओरखडे टिपावेत, याचा अभिमान बाळगण्यात काही वावगे नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीत सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, जवळपास ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेल्या आणि किमान ४३ दीर्घिकासमूह व गट सामावणाऱ्या महासमूहाचा शोध जाहीर केला. त्याला त्यांनी सरस्वती असे नदीचे नाव दिले. हा महासमूह प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर एकाच चौकटीत दाखवतो. त्याचा एकूण पसारा प्रसरणाच्या ओघात आहे, परंतु त्याचा गाभा, केंद्रापासून सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांच्या परिघातला, इतका दाट आहे की तो आतल्या आत कोसळत असण्याची शक्यता या अभ्यासकांनी हिशेबाने मांडली. एकच नदी, तिचा ओघ एकीकडे, आणि तिच्यातला एक डोह स्वतःत साठत चाललेला.

या चित्राला १९९८ मध्ये आणखी एक पदर जोडला गेला. दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या तेजावरून दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेत आहे. याच्या कारणाला कृष्णऊर्जा असे नाव देण्यात आले आणि या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे पूर्वी केवळ मिळालेली गती असलेले प्रसरण गेल्या काही शे कोटी वर्षांत खरोखर दूर लोटणारे बनले आहे. जे संच आधीच बांधले गेले, त्यांना याने धक्का पोहोचत नाही. जे अजून सैल आहेत, त्यांच्या एकत्र येण्याची मुदत मात्र संपत चालली आहे. कन्या समूहाची आणि आपली गाठ यापुढे पडणार नाही. आकाशगंगा, देवयानी आणि भोवतालच्या लहान दीर्घिका मिळून जो स्थानिक गट होतो, तेवढाच आपला तलाव.

त्या तलावातही काय होईल, याविषयीचे मत अलीकडे बदलले आहे. हबल अंतराळ दुर्बिणीने देवयानीची आडवी गती मोजल्यावर २०१२ मध्ये सुमारे ४०० कोटी वर्षांनी थेट टक्कर होईल असे सांगितले गेले; गायाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ही मुदत काहीशी लांबली; आणि २०२५ मध्ये हेलसिंकीच्या टिल सवाला आणि सहकाऱ्यांनी मोठा मॅगेलनी मेघ आणि त्रिकोण दीर्घिका या स्थानिक गटातल्याच लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात घेऊन, मोजमापांतील अनिश्चिततेसह हजारो शक्यता तपासल्या, तेव्हा येत्या हजार कोटी वर्षांत दोघी विलीन होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास भरली. एकमेकींकडे येणे वेगळे आणि नेम धरून एकमेकींवर येणे वेगळे. आडव्या गतीतला थोडासा फरकही दोघींना जवळून निसटू देऊ शकतो.

कार्तिकातल्या रात्री नऊच्या सुमारास, नदीवर धुके उतरण्याआधी आणि महामार्गाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, देवयानी कारध्याच्या आकाशात डोक्यापासून जेमतेम वीस अंश उत्तरेला, पुसट लांबट डागासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो डाग ज्या प्रकाशाने दिसतो, तो तेथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. तो वाटेत असताना देवयानी आपल्या दिशेने आणखी सुमारे ९०० प्रकाशवर्षे सरकली आहे.